ज्या दागिन्यावर तिचं नाव होतं



आज बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम सांगते. हातातलं निवडणं-टिपणं चालूच ठेवा, पण मनातल्या मनात घरातला दागिन्यांचा डबा उघडा. त्यातला सगळ्यात जुना डाग बाहेर काढा. पुतळ्यांची माळ असेल, ठुशी असेल, नाहीतर नुसती चांदीची जोडवी असतील. आता सांगा बरं, हा डाग कुणाचा? कुणी घडवला, कुणी दिला, कधी दिला?

आमच्या गटाच्या बैठकीत मी हाच प्रश्न विचारला होता. बहुतेक जणींनी एकच उत्तर दिलं, "घरातलं सोनं आहे." घरातलं म्हणजे नक्की कुणाचं, असं विचारल्यावर जरा हसू आलं आणि मग सगळ्या गप्प झाल्या. मीही गप्प झाले. माझ्या आजीची बोरमाळ होती. माझ्या लग्नात ती मोडून पाटल्या केल्या. त्या बोरमाळेचा फोटो नाही, वजनाची चिठ्ठी नाही. आजीला ती माहेरून आली होती की तिने स्वतःच्या कमाईतून केली होती, हेही आता कुणाला सांगता येत नाही.

म्हणून आज तुम्हाला एका अशा बाईची गोष्ट सांगणार आहे, जिने या प्रश्नाचं उत्तर सुमारे एक हजार वर्षांपूर्वी चांदीवर कोरून ठेवलं. ती इंग्लंडात राहायची. तिचं नाव एडवेन. पण तिच्याकडे जाण्याआधी तिची माणसं आणि त्यांचे दागिने यांची ओळख करून घेऊ.

खांद्यावरची पिन आणि कमरेच्या किल्ल्या

आजच्या इंग्लंडवर एके काळी रोमन लोकांचं राज्य होतं. इसवी सन ४१० च्या सुमाराला ते संपलं. मग समुद्रापलीकडून, आज जिथे उत्तर जर्मनी आणि डेन्मार्क आहे तिथून, अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्यांची माणसं येऊन वसली. त्या सगळ्यांना मिळून अँग्लो-सॅक्सन म्हणतात. अँगल लोकांवरूनच देशाला इंग्लंड हे नाव पडलं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने देश जिंकला, तोपर्यंतची सुमारे साडेसहाशे वर्षं या लोकांची.

या काळाबद्दल जे लिहिलं गेलं, ते बहुतेक मठांमधल्या पुरुषांनी लिहिलं. त्यात राजे आहेत, लढाया आहेत, बिशप आहेत. सूत कातणारी, दूध काढणारी, कोठीघर सांभाळणारी बाई त्यात क्वचितच दिसते. तिची गाठ पडते ती तिच्या दागिन्यांतून. सुरुवातीच्या दोन-अडीचशे वर्षांत हे लोक पुष्कळदा माणसाला अंगावरच्या कपड्यांसकट आणि दागिन्यांसकट पुरत. कापड कुजलं, कित्येक ठिकाणी हाडंसुद्धा मातीत विरून गेली, पण सोनं, चांदी, तांबं, काच टिकून राहिली. २०२२ साली नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये हारपोल गावाजवळ घरं बांधण्याआधी जमीन खणून तपासत होते. तेव्हा सातव्या शतकातली एक कबर सापडली. त्या बाईच्या देहाचं काय उरलं होतं? दातांच्या वरच्या कवचाचे काही तुकडे, बस्स. पण तिच्या गळ्यातली ३० पदकं आणि मणी यांची माळ तिथेच होती. त्यात सोनं होतं, रंगीत खडे होते, काच होती. बाई मातीला मिळाली आणि माळेने तिची जागा धरून ठेवली.

त्या काळच्या बायकांच्या कपड्याला बटणं नसत. लोकरीचं किंवा जवसाच्या धाग्याचं कापड अंगाभोवती घ्यायचं आणि दोन्ही खांद्यांवर एकेक मोठी पिन लावायची. या शोभिवंत पिनेला ब्रोच म्हणतात. आपण साडीच्या पदराला पिन लावतो तसंच, पण इथे पिन निसटली तर कपडाच खाली यायचा. म्हणजे ब्रोच मिरवायचाही होता आणि रोजच्या कामाचाही. दोन पिनांच्या मधे छातीवर मण्यांची माळ असे. ते मणी काचेचे असत, नाहीतर अंबर नावाच्या पिवळसर, राळेपासून बनलेल्या खड्याचे.

आपल्याकडे नथ पाहिली की बाई कुठल्या भागातली ते जाणत्या बायका ओळखतात. तिथेही तसंच होतं. सॅक्सन लोकांच्या भागात बशीसारखे खोलगट गोल ब्रोच वापरत. अँगल लोकांच्या भागात लांबट, क्रुसासारख्या आकाराचे. दक्षिणेकडे केंट या भागात लाल खडे बसवलेल्या गोल चकत्या. काही बायकांच्या कबरींत मोठ्या कवड्याही सापडल्या आहेत. त्या तिकडच्या समुद्रातल्या नव्हेत. तांबड्या समुद्राकडून हजारो कोस प्रवास करून त्या आल्या होत्या.

आणि कमरेला? पट्ट्याला लटकवलेला लहानसा चाकू, चिमटा, किल्ल्या. पुष्कळ बायकांच्या कबरींत किल्लीच्या आकाराचे तांब्याच्या मिश्रधातूचे जोड मिळाले आहेत. त्यांनी कुलूप उघडत नसावं. घराची कारभारीण म्हणून ती खूण असावी, असं अभ्यासक मानतात. यातली गंमत पुढे कायद्यात उतरली. अकराव्या शतकात कनूट राजाच्या कायद्यात लिहिलंय की नवऱ्याने चोरीचा माल घरी आणला, तर त्याबद्दल बायकोला दोषी धरायचं नाही. मात्र तो माल तिच्या किल्लीखालच्या जागेत सापडला, तर जबाबदार ती. त्या जागा तीन, तिचं कोठीघर, तिची पेटी आणि तिची लहान कपाटी. बाईच्या किल्लीला मान होता, आणि मानाबरोबर जबाबदारीही होती.

डाळिंबाचे दाणे

या दागिन्यांत सगळ्यात देखणे आहेत ते सोन्यात लाल खडे बसवलेले. त्या खड्याला गार्नेट म्हणतात. हे नावच मुळी डाळिंबावरून आलंय, आणि दिसायलाही तो पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखाच.

कारागीर काम कसं करत ते ऐका. आधी सोन्याचा पत्रा. त्यावर सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या डाखून छोटी छोटी घरं करायची, आपल्या कोंदणासारखी. मग गार्नेटचे पातळ काप काढायचे आणि घासून घासून प्रत्येक घराच्या आकाराचे करायचे. काही घरं गोल, काही त्रिकोणी, काही पायऱ्या-पायऱ्यांची. खडा बसवण्याआधी घराच्या तळाशी सोन्याचा अगदी पातळ वर्ख ठेवायचा, आणि त्या वर्खावर बारीक चौकटींची नक्षी उठवलेली असायची. खड्यातून आत गेलेला उजेड त्या नक्षीवर आपटून परत येतो, आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. तिकडच्या थंडीच्या लांब रात्री, चुलीच्या जाळाचा उजेड, आणि त्यात खांद्यावर हा लाल चमकणारा ब्रोच. कसा दिसत असेल, तुम्हीच बघा.

हे खडे कुठून येत? प्रयोगशाळांत तपासणी करून त्यांचं मूळ शोधलं गेलं आहे. सुरुवातीच्या काळात युरोपातल्या अशा दागिन्यांतले कितीतरी गार्नेट भारत आणि श्रीलंकेतून गेले होते. पुढे सातव्या शतकाच्या सुमाराला हा पुरवठा आटला आणि मग युरोपातल्याच बोहेमियाचे लहान खडे वापरात आले. म्हणजे आपल्या देशाच्या मातीतून कुणीतरी उचललेला खडा, किती व्यापाऱ्यांचे हात बदलत, इंग्लंडातल्या एखाद्या शेतकरणीच्या नाहीतर राजघराण्यातल्या बाईच्या खांद्यावर जाऊन बसला. तो खडा वेचणारे हात कुणाचे होते, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

सगळ्यांना असले दागिने मिळत नसत, हेही सांगायला हवं. कित्येक कबरींत नुसता एक चाकू आहे किंवा दोन-चार मणी आहेत. कित्येकींत काहीच नाही. संग्रहालयाच्या काचेत सोनं दिसतं, पण ज्यांच्याकडे सोनं नव्हतं त्या बायका तिथे दिसत नाहीत.

नोंद ठेवली म्हणून

आता केंटमधल्या किंग्स्टन गावच्या ब्रोचची गोष्ट. ५ ऑगस्ट १७७१ चा दिवस. ब्रायन फॉसेट नावाचे एक पाद्री तिथल्या माळावरच्या जुन्या कबरी उघडत होते. त्यांना संधिवाताचा त्रास होता, म्हणून देखरेख त्यांचा मुलगा करत होता. २०५ नंबरच्या कबरीत एका बाईच्या अवशेषांपाशी एक गोल ब्रोच मिळाला. सुमारे साडेआठ सेंटिमीटर रुंद, सोन्याचा, त्यात गार्नेट, निळी काच आणि पांढरा शिंपला, एकात एक अशा वर्तुळांत बसवलेला. बरोबर एक लहान पदक, छोट्या पिना आणि भांडी होती. अँग्लो-सॅक्सन ब्रोचमध्ये याच्या तोडीचा दुसरा क्वचितच. दुसऱ्याच दिवशी गावात बोभाटा झाला म्हणे, की पाद्रीबुवांच्या गाडीत इतकं सोनं भरलंय की चाकं फिरेनात! बोभाट्याची तऱ्हा सगळीकडे सारखीच.

फॉसेट यांनी ७०० हून अधिक कबरी उघडल्या. त्यांचा एक अंदाज मात्र साफ चुकला. त्यांना वाटलं, या कबरी रोमन काळातल्या लोकांच्या आहेत. पण त्यांनी एक काम चोख केलं. प्रत्येक कबरीला नंबर दिला आणि कुठल्या कबरीत काय, कुठे मिळालं ते वहीत लिहून ठेवलं. त्यामुळे पुढच्या लोकांना त्यांची चूक सुधारता आली. माणसाचा अंदाज चुकू शकतो. पण नोंद खरी असली की चूक दुरुस्त होते. ती वही नसती, तर तो ब्रोच एका बाईच्या अंगावर होता हेही आज कळलं नसतं.

फॉसेट वारले, वर्षं गेली. १८५३ साली त्यांच्या वारसांनी हा सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकत देऊ केला. विश्वस्तांनी नको म्हटलं. त्यांना ग्रीक-रोमन वस्तूंचं कौतुक होतं, आपल्याच मातीतल्या वस्तूंचं नव्हतं. तेव्हा लिव्हरपूलच्या जोसेफ मेयर या सोनाराने तो विकत घेतला आणि १८६७ साली आपल्या शहराला देऊन टाकला. मोठमोठ्या विद्वानांना जे दिसलं नाही, ते एका सोनाराच्या नजरेला दिसलं. आजही तो ब्रोच लिव्हरपूलच्या वर्ल्ड म्युझियममध्ये आहे.

नोंद नसली की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये नवव्या शतकातला एक चांदीचा ब्रोच आहे. त्यावर माणसाच्या पाच इंद्रियांची चित्रं कोरली आहेत. मधोमध मोठ्या डोळ्यांची दृष्टी, आणि तिच्याभोवती चव घेणारा, वास घेणारा, ऐकणारा आणि हात हाताला लावून स्पर्श ओळखणारा. नक्षीच्या खोबणीत चांदी आणि गंधक यांपासून केलेला काळा रंग भरला आहे, त्यामुळे चित्र उठून दिसतं. पण हा ब्रोच कुठे सापडला, कुणाचा होता, याचा काहीच पत्ता नव्हता. शिवाय तो इतका चांगल्या स्थितीत होता की तज्ज्ञ म्हणाले, हा खोटा आहे. शेवटी कॅप्टन फुलर नावाच्या गृहस्थांनी तो नुसत्या चांदीच्या भावात घेतला. म्हणजे मोडीच्या भावात! पुढे १९४९ च्या सुमाराला त्या काळ्या रंगाची तपासणी झाली. असं निव्वळ चांदी-गंधकाचं मिश्रण फार जुन्या काळीच वापरत, नंतरच्या मिश्रणांत इतर धातूही असत. ब्रोच खरा ठरला. फुलर यांनी तो संग्रहालयाला दिला, पण एका अटीवर. त्याला फुलर ब्रोच म्हणायचं. आज तो त्याच नावाने ओळखला जातो. हजार-अकराशे वर्षांपूर्वी तो मिरवणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

पाहा, नावं कशी राहतात. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आल्फ्रेड ज्वेल नावाची एक वस्तू आहे. १६९३ साली ती सॉमरसेटमध्ये सापडली. तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलंय की आल्फ्रेडने ती करवून घेतली. राजाचं नाव, म्हणून सगळ्या जगाला ठाऊक. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका शेतात सोन्याचा प्रचंड साठा सापडला. सुमारे ४ किलो सोनं आणि दीड किलोहून अधिक चांदी. लहानमोठे तुकडे मिळून सुमारे ४,६००. तलवारींच्या मुठींवरचं सोनं, शिरस्त्राणाचे तुकडे, काही क्रूस. जवळजवळ सगळं लढाईच्या सामानातलं आणि थोडं धर्माचं. बायकांचा दागिना म्हणावा असं त्यात काही नाही. इतक्या सोन्यात बाई कुठेच नाही.

एडवेन म्हणाली, हे माझं

मग बाईचं नाव कुठे सापडतं? थोड्या ठिकाणी, पण सापडतं. १८७० साली यॉर्कशायरमध्ये एका नांगराच्या फाळाला सोन्याची अंगठी लागली. ज्याला सापडली त्याने ती आपल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवली, असं सांगतात. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की अंगठीच्या आतल्या बाजूला अक्षरं आहेत. ते नाव होतं राणी एथेलस्विथचं. ती आल्फ्रेड राजाची बहीण आणि मर्सियाच्या राजाची बायको. आत नाव कोरलेलं होतं, म्हणून ती अंगठी कुत्र्याच्या गळ्यातून संग्रहालयात गेली.

दहाव्या शतकातल्या विनफ्लेड नावाच्या एका श्रीमंत बाईचं मृत्युपत्र आजही शिल्लक आहे. तिने नक्षीचं कडं आणि ब्रोच मुलीला दिला. जमीनही दिली. कपडे, पेट्या, पडदे कुणाला काय द्यायचं ते एकेक सांगितलं. आपण लेकीसुनांना वाटून देतो तसंच, फक्त तिने ते लिहून ठेवलं. त्याच कागदात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचताना मन थबकतं. काही गुलामांना तिने मुक्त केलं, पण एक विणणारी आणि एक शिवणारी अशा दोन बायका मात्र वस्तूंसारख्या दुसऱ्या बाईला देऊन टाकल्या. एका बाईच्या हक्काच्या कागदावर दुसऱ्या दोघींना काहीच हक्क नव्हता. जुन्या काळाचं कौतुक करताना हेही डोळ्यांआड करून चालणार नाही.

त्या समाजात लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला काही द्यायची रीत होती. तिला ते लोक सकाळची भेट म्हणत. कधी दागिना, कधी पैसा, कधी जमीनही. ती भेट बायकोची स्वतःची. आपल्याकडच्या स्त्रीधनाशी ही रीत पुष्कळ जुळते. पण हक्क असणं वेगळं आणि तो हातात राहणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता येते एडवेन.

१६९४ साली इंग्लंडच्या पूर्वेला, इलीच्या दलदलीच्या प्रदेशात, सटन गावी शेत नांगरताना चांदीची एक मोठी गोल चकती मिळाली. बरोबर नाणी आणि अंगठ्याही होत्या. चकती सुमारे १५ सेंटिमीटर रुंद, लहान ताटलीएवढी. अकराव्या शतकाच्या सुरुवातीची. समोरच्या बाजूला एकमेकांत गुंतलेली वर्तुळं आणि त्यांत जनावरं, साप, वेलबुट्टी. खरं सांगायचं तर काम फार सुबक नाही. रेघा हाताने ओढल्यासारख्या वेड्यावाकड्या. किंग्स्टनच्या ब्रोचशेजारी ठेवला तर कुणी याच्याकडे वळूनही बघायचं नाही.

पण तो उलटा करा. मागच्या बाजूला, कडेने गोल, मजकूर कोरलेला आहे. त्याचा अर्थ असा, की या ब्रोचची मालकीण एडवेन, आणि एडवेनचा धनी देव. जो कुणी तो तिच्याकडून हिरावून नेईल त्याला देवाचा शाप लागो. मात्र तिने आपणहून, स्वतःच्या मर्जीने दिला, तर गोष्ट वेगळी.

मैत्रिणींनो, हा मजकूर समोर नाही, मागे आहे. ब्रोच अंगावर असताना तो कुणालाच दिसत नसणार. तो तिच्या कपड्याला, तिच्या अंगाला टेकलेला. ज्याने तो तिच्यापासून काढून घेतला असता, त्यालाच तो वाचायला मिळाला असता.

आणि तिने काय काय म्हटलंय ते बघा. पहिलं, हे माझं आहे. दुसरं, जबरदस्तीने घेऊ नका. तिसरं, मी द्यायचं ठरवलं तर मी देईन. ते ठरवणारी मी. या तिसऱ्या गोष्टीसाठीच मला एडवेन फार मोठी वाटते. नुसतं राखून ठेवणं म्हणजे मालकी नव्हे. द्यायचं की नाही, कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, हे ठरवता येणं म्हणजे मालकी.

एडवेन कोण होती, तिला मुलंबाळं होती का, तो ब्रोच जमिनीत का गेला, हे काही माहीत नाही. ब्रोच सापडल्यावर १७०५ साली त्याचं चित्र आणि मजकूर एका ग्रंथात छापला गेला. नंतर तो ब्रोचच कुठेतरी नाहीसा झाला. दोनशेहून अधिक वर्षांनी तो परत उजेडात आला आणि १९५१ साली ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. मधल्या काळात हा तोच, हे ओळखायला ती जुनी छापील नोंदच उपयोगी पडली. आणि एक साधारण कामाचा चांदीचा तुकडा आज त्या संग्रहालयातल्या मोलाच्या वस्तूंत आहे, तो एका बाईच्या नावामुळे आणि तिच्या बोलण्यामुळे.

आपणहून दिलं

एडवेनचं ते तिसरं वाक्य सुमारे नऊशे वर्षांनी दुसऱ्या एका बाईने खरं करून दाखवलं. सफोकमध्ये सटन हू नावाची जागा आहे. तिथली जमीन एडिथ प्रेटी या विधवा बाईंची होती. जमिनीवर मातीचे जुने उंचवटे होते. १९३८ साली त्यांनी बेझिल ब्राउन या खोदकाम जाणणाऱ्या स्थानिक माणसाला बोलावलं. १९३९ च्या उन्हाळ्यात एका उंचवट्याखाली सुमारे २७ मीटर लांब जहाजाचा ठसा उमटलेला निघाला. लाकूड कुजून गेलेलं, पण लोखंडी खिळे जागच्या जागी. पहिला सोन्याचा दागिना मातीतून बाहेर आला तो पेगी पिगट या तरुण पुरातत्त्व अभ्यासक बाईंच्या हातून. आणि खोदकामाचे शेकडो फोटो काढले ते मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिकांनी. त्यांच्यामुळे ते जहाज आजही पाहायला मिळतं.

आत एका राजाच्या तोलामोलाची कबर होती. खांद्यांवरची सोन्याची जोडपट्टी, थैलीचं झाकण, सोन्याची मोठी बक्कल, हजारो गार्नेट. मग प्रश्न आला, हे कुणाचं? १४ ऑगस्ट १९३९ रोजी गावच्या सभागृहात चौकशी बसली. परत काढून घ्यायच्या इराद्याने लपवलेलं धन असेल तर ते राजाचं, असा तेव्हाचा कायदा होता. पण कबरीत ठेवलेलं कुणी परत काढणार नव्हतं. म्हणून निकाल लागला की हे सगळं एडिथबाईंचं. त्यांनी ते सगळं देशाला देऊन टाकलं. सरकारने मानाची पदवी देऊ केली, तीही त्यांनी घेतली नाही. तीन आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं. त्या काळात ते सोनं लंडनच्या भुयारी रेल्वेत सुरक्षित ठेवलं होतं. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आधी निकाल लागला की तिचं आहे, आणि मग तिने दिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे.

हल्ली तिथे जुनं सोनं-चांदी सापडलं तर दोन आठवड्यांच्या आत कळवावं लागतं, आणि संग्रहालयाने वस्तू घेतली तर सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदला मिळतो. २०१४ साली नॉरफोकमधल्या विनफार्दिंग गावी एका विद्यार्थ्याला धातूशोधक यंत्राने जमिनीत तांब्या-पितळेचं भांडं लागलं. हाव न धरता तो थांबला, पुरातत्त्वाच्या लोकांना बोलावलं. नीट खोदल्यावर सातव्या शतकातल्या एका बाईची कबर आणि तिचं गार्नेटनी मढवलेलं सुंदर सोन्याचं पदक मिळालं. ते आज नॉरिचच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडेही १८७८ चा निखात निधी कायदा आहे. शेतात, पाया खणताना गुप्तधन लागलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. गुपचूप आटवलं की सोनं उरतं, पण गोष्ट जळून जाते.

आता परत आपल्या डब्याकडे येऊ. तो डाग अजून तुमच्या हातात आहे ना? आज रात्री कामं आटोपली की वहीचं एक पान घ्या. नाही लिहिता आलं तर लेकीला, नातीला सांगा, तिला आवडेल. त्यावर लिहा. डाग कोणता, वजन किती, कुणी दिला, कधी दिला, माहेरचा की सासरचा की स्वतःच्या कमाईचा. गहाण असेल तर कुठे आणि केव्हापासून. पावती असेल तर त्या पानाला लावा. फोनमध्ये एक फोटो काढून ठेवा. आणि शेवटी तुमचं नाव लिहा. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच नको, स्वतःचं नाव. पुढे हा कुणाला द्यायचा, तेही तुमच्या मर्जीने लिहा.

मीही माझ्या पाटल्यांसाठी असं पान लिहिलं आहे. त्यात पहिली ओळ अशी आहे, की या पाटल्या माझ्या आजीच्या बोरमाळेपासून झाल्या. आजीचं नाव गंगूबाई. बोरमाळ परत येणार नाही. पण नाव तरी राहिलं.

पुढच्या बैठकीत आपापली पानं घेऊन या. मोठ्याने वाचू. तोवर नमस्कार.